वाहनातला मूषक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गणपतीचं वाहन मूषक, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण हाच मूषक आपल्या वाहनात मुक्कामाला येतो तेव्हा भक्तिभाव टिकवणं अवघड होतं. पावसाळ्याचे दिवस असतात. गाडी चार दिवस इमारतीखाली उभी असते. पाचव्या दिवशी दार उघडावं, तर आतून असा भपकारा येतो की पाऊल आपोआप मागे जातं. मग आपण काचा खाली करतो, उदबत्ती फिरवतो, बाजारातून सुगंधी डबी आणून आरशाला टांगतो. दोन दिवस मोगरा आणि उंदीर असा मिश्र वास येतो. तिसऱ्या दिवशी मोगरा संपतो, उंदीर उरतो.

विषय किरकोळ वाटेल. पण ज्याचं पोट रिक्षावर किंवा टॅक्सीवर आहे, त्याच्या गाडीत वास येऊ लागला तर गिऱ्हाईक बसत नाही. शाळेची मुलं नेणाऱ्या व्हॅनमध्ये उंदराच्या लेंड्या असतील तर प्रश्न मुलांच्या तब्येतीचा होतो. आणि वायर कुरतडलेली गाडी घाटात बंद पडली तर प्रश्न जिवावरही बेतू शकतो. म्हणून आज थोडं सविस्तर बोलू. सगळ्या बोलण्याचं सार आधीच सांगतो. उंदराचा वास ही त्याने मागे सोडलेली घाण आहेच, शिवाय तो पुढच्या उंदरासाठी लिहून ठेवलेला पत्ताही आहे. पत्ता पुसला नाही, तर एक पाहुणा गेला तरी दुसरा येतो.

पहिला प्रश्न, आलं आहे कोण? आपण सगळ्यांनाच उंदीर म्हणतो, पण गाडीत शिरणारे प्राणी वेगवेगळे असतात. एक छोटा घरउंदीर. त्याच्या लेंड्या जिऱ्याच्या दाण्याएवढ्या. दुसरा मोठा काळसर उंदीर, जो पाइपावरून आणि वायरींवरून सहज चढतो. त्याच्या लेंड्या साधारण अर्ध्या इंचाच्या. तिसरी घूस. ती आकाराने मोठी, जमिनीत बिळं करणारी. ती गाडीच्या खालच्या भागाला त्रास देते. आणि चौथी चिचुंद्री. ही दिसते उंदरासारखी, पण ती उंदराच्या जातीची नाही. लांब नाकाची, किडे खाणारी. तिच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना गंधग्रंथी असतात आणि त्यांचा उग्र, कस्तुरीसारखा दर्प येतो. ती वायर कुरतडत नाही. तेव्हा गाडीत नुसता उग्र दर्प आहे, पण कुरतडल्याची कुठेच खूण नाही, तर पाहुणी चिचुंद्री असण्याचा संभव आहे. ती झुरळांच्या मागे आलेली असते. झुरळं संपली की तिचं येणंही कमी होतं.

आता उंदराला आपली गाडी का आवडते? त्याच्या दृष्टीने पाहा. इंजीन बंद केल्यावर काही तास ऊब राहते. बॉनेटखाली पाऊस नाही, मांजर नाही, माणूस नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला आवाज आणि उष्णता अडवण्यासाठी गादीसारखं आवरण लावलेलं असतं, ते घरट्याला आयतं. आत मुलांनी सांडलेला वेफर्सचा चुरा, सीटखाली घरंगळलेला शेंगदाणा. चढायला टायर आहेच. छोट्या उंदराला आत शिरायला पाव इंचाची फट पुरते आणि मोठ्याला साधारण अर्ध्या इंचाची. अशा फटी प्रत्येक गाडीत असतात, कारण वायरी, नळ्या आणि हवा आत-बाहेर जायला वाट लागतेच.

आणि कुरतडणं? तो काही खोडसाळपणा नव्हे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. झिजवले नाहीत तर त्याला तोंड मिटणंही कठीण होईल. म्हणून तो वायर, रबरी नळी, सीटबेल्टचा पट्टा, जे सापडेल ते कुरतडतो. २०२० च्या टाळेबंदीत हजारो गाड्या आठवडेच्या आठवडे जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि नंतर सुरू करायला गेल्यावर अनेकांना बॉनेटखाली घरटीच सापडली. उभी गाडी म्हणजे उंदराला भाड्याविना घर.

आता वासाकडे येऊ. गाडीतला वास दोन तऱ्हांचा असतो आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिला वास जिवंत उंदराचा, म्हणजे त्याच्या मुताचा. हा कुबट, अमोनियासारखा नाकात चढणारा. घरउंदराच्या मुतात विशिष्ट प्रथिनं असतात. ती गंधाचे रेणू आपल्या पोटात धरून ठेवतात आणि सावकाश, थोडे थोडे सोडतात. म्हणून डाग वाळला तरी वास जात नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये नराच्या मुतातल्या अशाच एका प्रथिनाचं काम उलगडून दाखवलं. मादी त्याच्याकडे ओढली जाते. त्याला त्यांनी नाव दिलं ‘डार्सिन’, जेन ऑस्टेनच्या कादंबरीतल्या मिस्टर डार्सीवरून. गंमत सोडा, पण पुढचं संशोधन आपल्या कामाचं आहे. तो गंध एकदा हुंगलेली मादी ती जागा सुमारे दोन आठवडे लक्षात ठेवते आणि तिथे परत येते. मी पत्ता म्हणालो तो हा. आपल्याला जो दुर्गंध, तो त्यांच्यात निमंत्रण.

दुसरा वास मेलेल्या उंदराचा. हा गोडसर, सडका, पोटात ढवळून आणणारा. शरीरातली प्रथिनं कुजताना जी द्रव्यं तयार होतात, त्यांतली दोन बर्लिनचे डॉक्टर लुडविग ब्रिगर यांनी १८८५ मध्ये ओळखली. एक प्युट्रेसिन आणि दुसरं कॅडॅव्हरिन. आपलं नाक या द्रव्यांबाबत फार तल्लख आहे. छोटा उंदीर असेल तर तो आठवडा-दोन आठवड्यांत वाळून वास ओसरतो. मोठा असेल, हवा दमट असेल, तर जास्त दिवस लागतात. पण वाट पाहत बसणं हा उपाय नव्हे, कारण ओघळलेला द्रव गादीत किंवा सतरंजीत मुरला तर वास महिनोन् महिने राहतो.

म्हणून सुगंधी डबी आणण्याआधी शोध घ्यायचा. डोंगर पोखरून उंदीर काढणं हा वाक्प्रचार इथे अक्षरशः खरा होऊ शकतो, कारण गॅरेजवाल्याला कधीकधी सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्याआधी घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा सांगतो. काचा बंद करून पंखा न लावता पाच मिनिटं थांबा. वास तेव्हाच जास्त असेल तर उगम आत आहे, म्हणजे सीटखाली, पायपुसण्याखाली, डिकीत किंवा स्टेपनीच्या खळग्यात. पंखा लावल्यावर वासाचा झोत आला तर उगम हवेच्या वाटेवर आहे. पुढच्या काचेच्या खाली, वायपरपाशी एक जाळीदार खाच असते. तिथूनच बाहेरची हवा आत येते आणि तिथेच पाला साठतो. पुष्कळ गाड्यांत समोरच्या कप्प्यामागे हवेची गाळणी असते. ती बाहेर काढून पाहिली की लेंड्या, कापसाचे पुंजके, शेंगांची टरफलं, असा सगळा संसार सापडतो. बॉनेट उघडून बॅटरीच्या मागे आणि हवेच्या फिल्टरच्या डब्यातही पाहा. माश्या जिथे घोंगावतात ती जागा आधी बघा.

सापडल्यावर घाई करू नका. इथे तब्येतीचा प्रश्न आहे. लेप्टोस्पायरोसिस हा आजार आता कुणाला सांगावा लागत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याचे रुग्ण एकाएकी वाढले. त्याचे जंतू उंदराच्या मुतातून येतात आणि ओल्या जागेत टिकतात. हाताला किंवा पायाला जखम असेल तर तिच्यातून शरीरात शिरतात. वाळल्यावर ते लवकर मरतात, पण पावसाळ्यात गाडीतली सतरंजी वाळलेली कधी असते? पिसवांचंही तसंच. उंदीर मरून त्याचं अंग थंड पडू लागलं की पिसवा त्याला सोडून नवा आसरा शोधतात. प्लेगचा प्रसार असाच होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. आज प्लेगची भीती बाळगायचं कारण नाही, पण मेलेला उंदीर उघड्या हाताने शेपटीला धरून फेकण्याची आपली पद्धत सोडून द्यावी, एवढं नक्की.

तेव्हा आधी सगळी दारं उघडून गाडी अर्धा तास हवेशीर ठेवा. रबरी हातमोजे आणि नाकातोंडावर मास्क लावा. केरसुणीने झाडू नका आणि व्हॅक्यूमही लगेच फिरवू नका, कारण कोरडी धूळ उडून श्वासात जाते. लेंड्या आणि घरटं आधी ओलं करायचं. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचं घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, असं मिश्रण चालतं. पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग जाड कागदाने उचला, दुहेरी पिशवीत बांधा आणि कचऱ्यात टाका. नंतर हात साबणाने स्वच्छ धुवा. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ब्लीचमध्ये अमोनियाचं किंवा आम्लाचं कोणतंही क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. आणि ब्लीच कापडी सीटवर, वायरींवर किंवा धातूवर वापरू नका. कापडाचा रंग उडतो, धातू गंजतो. तिथे साबणाचं पाणी किंवा कापडाला चालणारं जंतुनाशक वापरावं.

घाण गेली, आता मुरलेला वास. इथे विकरं असलेला, म्हणजे एन्झाइमचा क्लीनर कामाला येतो. पाळीव कुत्र्या-मांजरांच्या डागांसाठी तो दुकानात मिळतो. तो वास झाकत नाही, वासाचं मूळ असलेली प्रथिनं तोडतो. डागावर तो पुरेसा ओतून, बाटलीवर लिहिलेला वेळ ओला राहू द्यावा लागतो. फवारून लगेच पुसला तर पैसे वाया जातात. ब्लीच वापरलेल्या जागी तो लगेच घालू नका. आधी पाण्याने पुसून घ्या, नाहीतर विकरंच निकामी होतात. मग सतरंजी आणि पायपुसणी बाहेर काढून कडक उन्हात दोन दिवस टाका. सीटवर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. कोळशाची, म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोलची पिशवी आठवडाभर गाडीत ठेवली तर उरलासुरला वास ती शोषते. हवेची गाळणी धुऊन परत बसवू नका, नवीनच घाला. ती स्वस्त असते आणि सगळा वास तिच्यात साठलेला असतो. स्पंजाच्या गादीत मेलेल्या उंदराचा द्रव मुरला असेल तर मात्र तेवढी गादी बदलण्याला पर्याय नाही.

आता काय करू नये ते सांगतो, कारण या बाबतीत उपायच जास्त घातक ठरतात.

गाडीत उंदराचं विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर पाणी शोधत बाहेर जातो आणि बाहेरच मरतो, हा आपल्याकडचा जुना समज आहे. तो खोटा आहे. ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्लेला उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो, आणि मरताना जिथे सुरक्षित वाटतं तिथेच, म्हणजे डॅशबोर्डच्या आत जाऊन पडतो. जिवंत उंदराचा त्रास जातो, मेलेल्याचा सुरू होतो. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टला तर हातही लावू नये. ती पोटात गेली तर यकृत निकामी होतं आणि तिच्यावर उतारा नाही. गाडीत लहान मुलं बसतात, हे विसरून चालणार नाही.

धान्य टिकवण्याच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, गाडीत ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो साफ धुडकावून लावा. दमट हवेत त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद जागेत तो माणसाचाही जीव घेतो. या गोळ्या प्रशिक्षित माणसानेच वापरायच्या असतात. डांबरगोळ्यांचंही तसंच. बंद गाडीत त्यांच्या वाफेने डोकं दुखतं, मळमळतं आणि काही लहान मुलांच्या रक्ताला त्या वाफेचा अपाय होतो. पुष्कळ चालक बॉनेटखाली तंबाखूची पुरचुंडी बांधतात. थोडे दिवस तिचा उपयोग होतो, पण वास उडाला की उंदीर परत येतो, आणि तापलेल्या भागाला कापड टेकलं तर आग लागू शकते. आवाजाने उंदीर पळवणाऱ्या यंत्रांनाही तो काही दिवसांत सरावतो.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, गाडीत खाणं बंद, निदान सांडलेलं रोजच्या रोज साफ. दुसरी, गाडी आठवड्यातून दोनदा तरी हलवा आणि शक्य असेल तर उभी करण्याची जागा बदला. गाडी आवारात सुरक्षित उभी राहत असेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवण्याची पद्धत चांगली आहे. उजेड आणि वारा आला की उंदराला ती जागा आडोशाची वाटत नाही. तिसरी, हवा आत येण्याच्या वाटेवर पाव इंचाहून बारीक छिद्रांची गंज न चढणारी जाळी मेकॅनिककडून बसवून घ्या. जपानी गाड्यांच्या एका कंपनीने मिरचीतल्या कॅप्सायसिनचा लेप असलेली टेपही काढली आहे. ती वायरींवर गुंडाळतात. चौथी, सापळा लावायचा तो गाडीत नव्हे, गाडीबाहेर, भिंतीच्या कडेला. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस पिंजरा न लावता त्यात भाजलेलं खोबरं किंवा भज्याचा तुकडा नुसता ठेवा. त्याला सवय झाली की मग चाप लावा. चिकट पुठ्ठे मात्र आणू नका. त्यांवर प्राणी तासन् तास तडफडतो आणि घाबरून तिथेच मुततो, म्हणजे वासात भरच.

आणि हे झाल्यावरही वायरिंग तपासल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नका. उघडी पडलेली तार पत्र्याला टेकली की शॉर्टसर्किट होतं. समोरचा एखादा लाल किंवा पिवळा दिवा विझत नसेल, एसी अचानक बंद पडला असेल, किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी सुरूच करू नका, मेकॅनिकला बोलवा. गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल तर पुष्कळ वेळा असं नुकसान भरून मिळतं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मिळत नाही. दुरुस्तीआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. दुरुस्ती करून मग कळवलं तर हातात फक्त बिल राहतं.

श्रोतेहो, शेवटी एकच सांगायचं आहे. उंदीर गाडीचा नसतो, आवाराचा असतो. मी माझी गाडी कितीही धुतली, पण इमारतीमागची कचराकुंडी उघडी राहिली, कबुतरांसाठी टाकलेलं धान्य रात्रभर तिथेच पडून राहिलं, गटाराची जाळी फुटलेलीच राहिली, तर उंदीर माझी गाडी सोडून शेजाऱ्याच्या गाडीत जाईल, एवढंच. सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या जागेवरून तास तास भांडणं होतात. त्यातली दहा मिनिटं या तीन गोष्टींना द्या. कुंडीला झाकण, गटाराला जाळी आणि रात्री धान्य उचलणं. खर्च फारसा नाही. सकाळी लवकर शाळेची व्हॅन काढणाऱ्या त्या चालकाला आणि तिच्यात बसणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग मात्र रोज होईल.